पंखा फिरतो, पण हवा जाते कुठे?

संध्याकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. कोंडीत उभ्या मोटारसायकलच्या इंजिनाला वारा मिळत नाही. शेजारच्या एअर-कूल्ड रिक्षाचं तसं नाही. तिच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो. आणि पंख्याइतकंच महत्त्वाचं असतं त्याच्याभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर, म्हणजे काऊल.

काऊलचं काम

हवा नेहमी सोपी वाट धरते. मोकळं सोडलं तर ती सिलिंडरच्या फिन्समधल्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमधल्या, अरुंद फटींत शिरणार नाही, बाजूनं निघून जाईल. काऊल तिला कोंडून फिन्समधून जायला लावतं, पंख्याच्या विरुद्ध बाजूलाही पोचवतं. ती बाजू तापलेलीच राहिली तर सिलिंडर वेडावाकडा फुगतो आणि पिस्टन जाम होतो.

मॅग्नेटवरचा पंखा

आकुर्डीच्या बजाजनं 1972मध्ये चेतक स्कूटर आणली, तिच्या इंजिनाची रचना व्हेस्पाच्या घराण्यातली. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकावरच पंख्याची पाती, भोवती गोगलगायीसारखं रुंदावत जाणारं कव्हर. या रुंदावण्यामुळे हवेचा वेग उतरतो आणि दाब चढतो. पट्टा नाही, म्हणून तुटण्याची भीती नाही. एका सिलिंडरसाठी याहून सुटसुटीत रचना मला तरी माहीत नाही.

बीटलचं उभं काऊल

चार सिलिंडर आले की हवेची वाटणी आली. फोक्सवॅगन बीटलचा पंखा डायनॅमोच्या दांड्यावर असे आणि पट्ट्यानं फिरे. पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागे. तो पेटताच गाडी थांबवायची, कारण पंखाही थांबलेला असे.

खरी खोच ऑइल कूलरची होती. तो काऊलच्या आतच, डाव्या बाजूला असल्यानं तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरला कमी आणि आधीच तापलेली हवा मिळायची. 1971च्या मॉडेलपासून कूलर तिथून सरकवून त्याला वेगळी पेटी दिली आणि त्याची गरम हवा परस्पर बाहेर काढली. पंख्याची पाती वाढवण्यापेक्षा वाट बदलणं किती मोलाचं, ते इथे दिसतं.

पोर्शचा आडवा झोत

पोर्श 911नं टेबलफॅनसारखा सरळ झोत फेकणारा पंखा निवडला. असा पंखा हवा भरपूर देतो, दाब त्या मानानं कमी. म्हणून काऊलमधली वाट आखूड आणि रुंद लागते. वळणावळणांच्या अरुंद काऊलला बीटलसारखा, हवा कडेला फेकणारा पंखाच बरा. पोर्शनं 911मध्ये हा पंखा 1998पर्यंत सोडला नाही.

गॅरेजमध्ये

‘कव्हर काढलं की इंजिनाला मोकळी हवा लागते’ हा समज साफ चुकीचा आहे. इंजिन खोललं असेल, तर काऊलचा प्रत्येक पत्रा, स्क्रू आणि रबर परत बसवून घ्या. सिलिंडरच्या खालचे छोटे पत्रेही मोजून घ्या. बहुतेकदा तेच राहून जातात.