टोमॅटोची बगलफूट फेकू नका

आमच्या साक्षरता वर्गाला एक आक्का येतात. त्यांच्या दहा गुंठ्यांत टोमॅटो होता. ही २०२४ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. लागण होऊन महिना झाला होता. रोपे गुडघ्याला लागली होती. एका दुपारी कुंपणातून शेळ्या शिरल्या. त्यांनी कडेच्या सऱ्या खाल्ल्या, तुडवल्या. पन्नास रोपांचे नुसते खुंट उरले.

आक्कांनी रोपवाटिकेत विचारले. उत्तर आले, "त्या जातीचे रोप शिल्लक नाही. आज नोंदवा, महिन्याने मिळेल."

संध्याकाळी आक्का आमच्या ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, सोसायटीचं कर्ज काढून लागण केली. आता त्या जागी काय लावू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या रानात गेलो. बघतो तर सूनबाई चांगल्या रोपांची बगलफूट खुडत होत्या आणि बांधावर टाकत होत्या. आम्ही म्हणालो, "आक्का, रोपं गावभर कशाला शोधता? ती तर तुमच्या बांधावर पडलीत!"

बगलफूट म्हणजे काय?

टोमॅटोच्या खोडाला पान फुटते. पान आणि खोड यांच्यामध्ये बेचके असते. त्या बेचक्यातून नवा कोंब निघतो. तीच बगलफूट. तारेवर बांधलेल्या टोमॅटोची खालची फूट आपण काढून टाकतो. नाही काढली तर झाड नुसते माजते, दाटी होते, वारा खेळत नाही आणि करपा वाढतो.

पण या फुटीत एक गुण आहे. टोमॅटोचे खोड नीट निरखून बघा. त्यावर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे दिसतील. ओल आणि माती मिळाली की तिथून मुळ्या सुटतात. म्हणून जमिनीला टेकलेली फांदीही मुळ्या धरते.

आणखी एक फायदा आहे. संकरित टोमॅटोचे बी धरून पेरले, तर पुढची झाडे सारखी येत नाहीत. एक उंच, एक ठेंगणे, एकाचे फळ गोल, एकाचे लांबट. फुटीचे तसे नाही. फूट हा त्याच झाडाचा तुकडा आहे. जशी आई, तशीच लेक.

फूट कशी लावावी?

१. सकाळी, ऊन चढायच्या आत फूट काढा. ती चार ते सहा इंच लांब असावी. अंगठा आणि बोट यांत धरून बाजूला वाकवली की कोवळी फूट सहज तुटते. जाड असेल तर स्वच्छ पात्याने कापा.

२. खालची पाने काढा. शेंड्याची दोन-तीन पाने ठेवा. कळ्या असतील तर त्या खुडा. पाने फार ठेवली तर पाणी उडून जाते आणि फूट सुकते.

३. दुधाच्या रिकाम्या पिशव्या घ्या. तळाला चार भोके पाडा. निम्मी वाळू आणि निम्मी पोयट्याची माती भरा. कच्चे शेणखत घालू नका, त्याने फूट सडते. माती आधी ओली करा.

४. काडीने भोक पाडा. फूट निम्मी आत जाईल अशी लावा. माती बोटाने दाबा.

५. पिशव्या झाडाखाली सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, पण चिखल नको. पहिले दोन दिवस फुटी माना टाकतात. घाबरून पाणी ओतत बसू नका. सावलीत त्या सावरतात.

६. आठ-दहा दिवसांत मुळ्या सुटतात. शेंड्याला नवे पान दिसले की फूट जगली असे समजा. मग रोज थोडे थोडे सकाळचे ऊन दाखवा. दोन आठवड्यांनी संध्याकाळच्या वेळी रानात लावा आणि लगेच पाणी द्या.

बियापासून लावायजोगे रोप व्हायला पंचवीस-तीस दिवस लागतात. इथे निम्मा वेळ वाचतो.

इथे चुकू नका

आम्ही पहिल्यांदा परसात हा प्रयोग केला, तेव्हा मोठी चूक केली. पाने आकसलेल्या झाडाची फूट घेतली. वाटले, नवी फूट आहे, सुधारेल. बाराच्या बारा रोपे आकसली. त्या रोगाला बोकड्या म्हणतात. पांढरी माशी तो पसरवते. रोग झाडाच्या अंगात असतो, म्हणून तो फुटीतही उतरतो. तेव्हा पाने आकसलेल्या, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या किंवा मर लागलेल्या झाडाची फूट कधीही घेऊ नका. शेतातले सर्वांत निरोगी झाड निवडा.

दुसरे म्हणजे, तंबाखू चोळलेल्या हाताने फूट खुडू नका. तंबाखूतून टोमॅटोला रोग लागू शकतो. आधी साबणाने हात धुवा.

तिसरे म्हणजे, कलमी रोपाची फूट लावली तर फळ तसेच येईल, पण खालच्या मुळाची रोगाला तोंड देण्याची ताकद तिच्यात येणार नाही. ती ताकद मुळाची असते.

आणि बुटक्या, झुडपी जातीची फूट फार खुडू नका. त्यांना फळ फुटव्यांवरच लागते.

एकरभर लागणीला मात्र रोपवाटिकेचीच रोपे बरी. एवढ्या फुटी एकदम मिळत नाहीत. फुटीचा उपयोग नांग्या भरायला आणि परसबागेला. २०२३ सालच्या जुलै-ऑगस्टात शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. परसात चार झाडे असली, तर अशा दिवसांत घरच्या कालवणाची अडचण होत नाही.

आक्कांचे काय झाले?

आक्कांनी साठ फुटी लावल्या. सतरा सुकल्या, त्रेचाळीस जगल्या. पन्नास नांग्यांतल्या सातच रिकाम्या राहिल्या. ती झाडे बाकीच्यांच्या मागून महिन्याने फळाला आली. पहिला बहर ओसरला, तेव्हा यांचे तोडे सुरू झाले. नुकसान सगळे भरले नाही, पण दोन सऱ्या ओसाड पडल्या नाहीत.

प्रत्येक पिशवीत आक्कांनी एक काडी खोचली होती. तिला कागद बांधून त्यावर लावल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली होती. पंधरा दिवस कधी भरतात, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

तुम्हीही तसेच करा. उद्या सकाळी एक निरोगी झाड शोधा. त्याच्या पाच फुटी लावा आणि काडीवर तारीख लिहा.