यंत्राला न समजलेला शब्द

संयुक्त अरब अमिरात विद्यापीठ, झायेद विद्यापीठ आणि हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी या अमिरातीतील तीन सरकारी उच्चशिक्षण संस्थांनी सप्टेंबर २०१२मध्ये पायाभूत वर्षाच्या सुमारे १४,००० विद्यार्थ्यांचे अध्यापन आयपॅडवर आणले. पायाभूत वर्ष म्हणजे शालेय शिक्षण मुख्यतः अरबीतून झालेल्या आणि पदवी मात्र इंग्रजीतून घ्यावी लागणाऱ्या तरुणांची, पदवीवर्गात बसण्यापूर्वी करून घेतलेली भाषिक तयारी. त्यामुळे या प्रयोगाचा भार प्रामुख्याने इंग्रजीच्या शिक्षकांवर पडला, आणि निर्णय व अंमल यांच्यात जेमतेम काही महिने गेल्याने त्यांतील अनेकांना स्वतः शिकता शिकताच शिकवावे लागले. त्याच वर्षी सरकारी शाळांसाठी मोहम्मद बिन राशीद स्मार्ट लर्निंग कार्यक्रमही जाहीर झाला. टॅब्लेट आणि वेगवान इंटरनेट ही श्रीमंत शाळेची हौस राहिली नाही, ती शासनाचे धोरण झाली.

अशा उपक्रमाच्या बाजूने नेहमी पहिला मुद्दा येतो तो विद्यार्थी वर्गात ‘गुंतेल’ हा, आणि घोळही तेथेच होतो. जेनिफर फ्रेड्रिक्स, फिलिस ब्लूमेनफेल्ड आणि ॲलिसन पॅरिस या अमेरिकी अभ्यासकांनी २००४मध्ये या गुंतण्याचे तीन प्रकार वेगळे काढले: वर्तनाचे, म्हणजे वेळेवर येणे आणि सांगितलेले काम करणे, भावनेचे, म्हणजे वर्गाविषयी, विषयाविषयी ओढ वाटणे, आणि बुद्धीचे, म्हणजे अवघड गोष्ट समजेपर्यंत तिचा पिच्छा न सोडणे. नवे यंत्र हाती आले की पहिले दोन प्रकार आठवडाभरात दिसू लागतात, तिसरा मात्र बाहेरून दिसतच नाही. पडद्यावर डोळे खिळवून बसलेला मुलगा विचार करतो आहे की नुसताच पाहतो आहे, हे दारातून डोकावणाऱ्या तपासनिसाला कळण्याची सोय नाही.

रूबेन प्वेंतेदुरा या अमेरिकी तज्ज्ञाने वर्गातील तंत्रज्ञानाच्या वापराच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर यंत्र जुन्या साधनाची जागा घेते एवढेच. दुसरीवर काम तेच राहून थोडी सोय वाढते. तिसरीवर कामाचे स्वरूप बदलते. चौथीवर यंत्राविना अशक्य असलेले काम शक्य होते. छापील उताऱ्याऐवजी तोच उतारा पडद्यावर वाचणे ही पहिली पायरी, आणि नव्या उपक्रमाचे पहिले दिवस बहुधा येथेच खर्ची पडतात. भर पडते ती एवढीच, की वही घरी राहिली या जुन्या सबबीच्या जोडीला चार्जिंग संपल्याची नवी सबब येते. कहूटसारख्या प्रश्नमंजूषांनी वर्ग दणाणून जातो हे खरे, पण अचूक उत्तर जितके लवकर द्यावे तितके त्यात सहसा गुण अधिक मिळत असल्याने, थांबून विचार करणारे मूल मागे पडते आणि अंदाजपंचे बोट दाबणारे पुढे जाते. शिक्षणाच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा नाही.

तंत्रज्ञानाने खरे काम केले ते भाषेच्या अडचणीशी त्याची गाठ पडली तेथे. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, तिच्यात मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नाही आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. ते वाचणाऱ्याने संदर्भावरून भरून घ्यायचे असतात. मोडी दप्तरे चाळणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा निवाडा असाच संदर्भाने करावा लागतो, त्यामुळे ही सवय मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. इंग्रजी लिहिताना मात्र तीच सवय आड येते आणि शब्दांतले स्वर गळून पडतात. उच्चारात त्याहून मोठी अडचण आहे, कारण अरबीत ‘प’ हा वर्णच नाही. इराणच्या ‘पार्स’ प्रांतावरून पडलेले ‘पारसी’ हे भाषेचे नाव अरबांच्या तोंडी ‘फारसी’ झाले आणि तेच पुढे मराठीतही आले. इंग्रजी शब्दांतल्या ‘प’ची जागा बहुधा ‘ब’ घेतो, म्हणून पेप्सीचे नाव अरबी अक्षरांत ‘ब’नेच लिहिले जाते आणि ‘पार्किंग’चे ‘बार्किंग’, म्हणजे भुंकणे, होऊन बसते.

हा दोष सुधारण्याची जुनी युक्ती म्हणजे ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरणे: इंग्रजी ‘प’ नीट उच्चारला तर श्वासाच्या झोताने पट्टी हलते, ‘ब’ला जवळजवळ हलत नाही. युक्ती उत्तम, पण ती चारचौघांसमोर करावी लागते आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला नेमका त्याचाच संकोच असतो. आयपॅडमधील श्रुतलेखनाच्या सोयीने, म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या यंत्रणेने, हा संकोच मिटवला. विद्यार्थिनी ‘पार्क’ म्हणते, पडद्यावर ‘बार्क’ उमटते. ती पुन्हा म्हणते, पुन्हा ‘बार्क’. ओठ अधिक घट्ट मिटून आणि झटक्याने सोडून ती पाचव्यांदा म्हणते, तेव्हा कोठे ‘पार्क’ दिसते. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही आणि भिडेखातर ‘बरोबर’ही म्हणत नाही. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण विद्यार्थ्यांच्या उच्चारांना सरावलेला शिक्षक ‘बार्क’ ऐकूनही मनात ‘पार्क’ असेच समजून घेतो.

अनेक अमिराती विद्यार्थिनींना आणि त्यांच्या कुटुंबांना चेहऱ्याचे चित्रीकरण मान्य नसते, आणि तोंडी सादरीकरणाची चित्रफीत करायची तर हा प्रश्न येतोच. कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे चित्रे हलवून त्यांना स्वतःचा आवाज देता येणाऱ्या ॲप्लिकेशनांनी त्यातून वाट काढून दिली. चेहरा झाकलेला राहून आवाज मोकळा झाला, शिवाय तो आवाज जमा करण्यापूर्वी हवा तितक्या वेळा ऐकून पुन्हा मुद्रित करता आला. प्वेंतेदुरांच्या शिडीवर ही वरची पायरी म्हणायला हरकत नाही.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे अमिरातीतील शाळांची वसंताची सुटी लवकर सुरू झाली आणि २२ मार्चपासून शिक्षण घरून सुरू झाले. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने, तेथील शिक्षकांना नव्या वर्गाची ओळख पडद्यावरच्या चौकटींतून करून घ्यावी लागली. एका शयनगृहाच्या घरात दोन मुलांचे तास आणि आईवडिलांचे कार्यालय एकाच वेळी कसे चालवायचे, ही कसरत तेथल्या मराठी कुटुंबांना सांगायला नको. तेथे यंत्राखेरीज वर्गच नव्हता, त्यामुळे त्या काळावरून यंत्राच्या गुणांची परीक्षा करणे रास्त नाही.

यंत्र आणि भाषा यांच्या गाठीचा वर दिसलेला धागा महाराष्ट्रातही सापडतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हा पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनचे संस्थापक सनी वार्की हे दुबईतील शिक्षणसंस्थाचालक. डिसले यांचे नाव झाले ते पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे, म्हणजे मोबाइलने टिपताच ध्वनिफीत वा चित्रफीत उघडणाऱ्या चौकोनी ठशांमुळे. मात्र त्या ठशांइतकेच मोलाचे काम त्यांनी केले ते पुस्तके मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये, आणण्याचे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ठसे राहिले आणि भाषा मागे पडली, यात नवल नाही. ठशाचे छायाचित्र काढता येते.

२०२५-२६च्या शैक्षणिक वर्षापासून अमिरातीने बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या सरकारी शाळांत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय सुरू केला असून, त्यात साधने वापरण्याबरोबर त्यांच्या मर्यादा आणि नीतिप्रश्न यांचाही समावेश आहे. या मर्यादांत एक उलटी मर्यादाही मोजायला हवी. श्रुतलेखनाची यंत्रणा जसजशी हुशार होत गेली, तसतशी ती मागचे-पुढचे शब्द पाहून बोलणाऱ्याच्या मनातला शब्द ओळखू लागली. ‘मुले बार्कमध्ये खेळत आहेत’ असे कोणी इंग्रजीत म्हणाले तरी पडद्यावर बिनचूक ‘पार्क’ उमटण्याचा संभव आता मोठा आहे. ज्याला आपले म्हणणे पोहोचवायचे आहे त्याची ही सोय आहे. ज्याला ‘प’ शिकायचा आहे त्याची चूक मात्र त्याला दिसण्यापूर्वीच पुसली जाते. म्हणून उच्चार शिकवणाऱ्याने या यंत्राला पूर्ण वाक्य न देता मागे-पुढे काहीही नसलेला सुटा शब्द द्यावा. आणि त्यावरही ते अंदाज बांधू लागले, तर कागदाची पट्टी आहेच.