वेषांतर ‘पटतं’ म्हणजे नेमकं कुणाला पटतं?



पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: “मला अमुक गोष्टीची परिणामकारकता अभ्यासायची आहे.” कधी परिणामकारकतेच्या जागी विश्वासार्हता असते, कधी लोकप्रियता, कधी गुणवत्ता. शब्द भारदस्त असतो. पण मोजायला घेतला की पाऱ्यासारखा हातातून निसटतो. आणि गाईडचा पहिला प्रश्न नेमका तिथेच येतो.

आज असाच एक निसटता शब्द घेऊ, पण जरा गमतीच्या विषयातून. विनोदी मालिका, नाटकं आणि सिनेमांत वेष बदललेलं पात्र असतं. आपण घरी बसून म्हणतो, “काहीही काय! मिशी काढून साडी नेसली तर ओळखू येणार नाही का?” म्हणजे आपली तक्रार अशी की वेषांतर पटत नाही. आता संशोधक म्हणून विचारा: पटत नाही, पण कुणाला?

गोष्टीतले डोळे आणि बाहेरचे डोळे

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आपल्यापैकी बहुतेकांनी थिएटरात नाही, टीव्हीवरच पाहिलाय, तोही कितीदा तरी. भाड्याने खोली हवी, मालकीणबाई फक्त जोडप्यांना देणार, म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. अमेरिकेत १९८० ते १९८२ या काळात ‘बोसम बडीज’ नावाची मालिका चालायची. त्यातही दोन तरुण स्वस्त खोलीसाठी बायकांचे कपडे घालून फक्त स्त्रियांसाठीच्या हॉटेलात राहतात. त्यातला एक म्हणजे पुढे मोठा नट झालेला टॉम हँक्स. दोन्हीकडे अडचण एकच, घर मिळत नाही.

या गोष्टींत बघणारे दोन असतात. एक गोष्टीच्या आतला, म्हणजे मालकीण. दुसरा बाहेरचा, म्हणजे तुम्ही-आम्ही. आतल्याने फसायचं आणि बाहेरच्याने अजिबात फसायचं नाही, तेव्हाच हसू येतं. दोघेही फसले तर ती रहस्यकथा होईल. दोघांनाही कळलं तर गोष्ट दहाव्या मिनिटाला संपेल. म्हणजे पार्वती आपल्याला लक्ष्मीकांत बेर्डेच दिसते, यात रंगभूषेची चूक शोधू नका. तसं दिसलं नाही तर विनोदच मरेल.

मग खरा प्रश्न उरतो तो आतल्या डोळ्यांचा. मालकीण फसणं कितपत शक्य आहे? इथे विज्ञान कामी येतं.

पहिली गोष्ट: आधीची ओळख

चेहरे ओळखण्यात आपण सगळे पटाईत आहोत असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. २०११ मध्ये रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. ४० फोटो द्यायचे आणि सांगायचं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. फोटो फक्त दोन व्यक्तींचे होते, प्रत्येकीचे २०. दोघीही नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध. तिथल्या लोकांनी दोन गठ्ठे केले, काम झालं. पण त्यांना न ओळखणाऱ्या ब्रिटिश लोकांनी सरासरी ७.५ गठ्ठे केले. फोटो तेच आणि काम तेच, फरक फक्त आधीच्या ओळखीचा. आणि त्या फोटोंत कुणी वेषांतर केलेलंही नव्हतं.

पुढे २०१९ मध्ये नॉयस आणि जेंकिन्स यांनी मुद्दाम केलेलं वेषांतर तपासलं. त्यांनी त्याचे दोन प्रकार केले: स्वतःसारखं न दिसणं, आणि दुसऱ्या एका ठरावीक माणसासारखं दिसणं. अनोळखी बघणारे चांगलेच गडबडले. ओळखीचे लोक बरेच बरे ठरले, पण वेषांतराचा त्रास त्यांनाही झालाच. आणि स्वतःला लपवणं हे दुसऱ्याची नक्कल करण्यापेक्षा जास्त यशस्वी ठरलं.

आता मालकीणबाईंकडे परत या. त्यांच्यासमोर परशा पार्वती म्हणूनच येतो. तुलना करायला आधीचा चेहराच नाही. अशा वेळी फार कसलेलं वेषांतर लागतच नाही.

‘मोरूची मावशी’ घ्या. आचार्य अत्र्यांचं हे नाटक ‘चार्लीज आन्ट’ या १८९२ च्या इंग्रजी नाटकावरून आलं. त्यात ठरावीक माणसाची नक्कल करायची असते, म्हणजे अवघड प्रकार. पण मूळ नाटकात नाटककाराने हुशारी केलीय: त्या मावशीला खुद्द तिच्या भाच्यानेही कधी पाहिलेलं नसतं. एका झटक्यात अवघड काम सोपं झालं! प्रयोगशाळा नव्हती, पण नाटककाराला नियम बरोबर माहीत होता.

उलट ‘आय लव्ह ल्युसी’ या १९५० च्या दशकातल्या अमेरिकन मालिकेचा एक भाग आहे. ल्युसीची विल्यम होल्डन या नटासमोर एकदा फजिती झालेली असते. तो भेटायला येतो तेव्हा ओळखू येऊ नये म्हणून ती खोटं नाक लावते. त्याने तिला एकदाच पाहिलंय, त्यामुळे त्याला चकवणं निदान शक्य कोटीतलं. पण शेजारी नवरा उभा असतो आणि त्याला पहिल्या क्षणी कळतं की बायकोचं काहीतरी चाललंय. एकाच नाकाचे दोन निकाल, बघणारा बदलला म्हणून.

दुसरी गोष्ट: कपडे गट ठरवतात

डॅनिएल सायमन्स आणि डॅनिएल लेव्हिन यांचा १९९८ चा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण तो सगळ्यांनीच वाचावा असा आहे. विद्यापीठाच्या आवारात एक माणूस वाटसरूला रस्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघे जण मोठं दार उचलून मधून जातात. तेवढ्यात विचारणारा माणूसच बदलतो. १५ पैकी फक्त ७ वाटसरूंच्या ते लक्षात आलं, आणि ते साधारण विचारणाऱ्यांच्याच वयोगटातले होते. मग त्याच दोघांना बांधकाम मजुरांचे कपडे घालून प्रयोग पुन्हा केला, या वेळी त्याच वयोगटातल्या वाटसरूंवर. आता १२ पैकी ४ जणांच्याच लक्षात आलं. संशोधकांचं म्हणणं असं, की कपडे बघून आपण समोरच्याला ‘मजूर’ या कप्प्यात टाकतो आणि मग त्याचा चेहरा नीट टिपत नाही.

आकडे लहान आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. १५ आणि १२ माणसांवरून टक्केवारी काढून मिरवायची नसते. पण दिशा कळते.

आमचं भिवापूर नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, झाडीपट्टीला लागून. दिवाळीनंतर या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते, दंडार आणि खडीगंमत होते. त्यात बाईचं काम परंपरेने पुरुषच करत आले. लुगडं, पदर, बांगड्या, चाल, एवढ्यावर ‘बाई’ उभी राहते. खाकी घालून दारात दरडावणारा बहुरूपीही हेच करतो. क्षणभर आपण दचकतो ते खाकीला. चेहऱ्याकडे नजर जाते ती नंतर.

तिसरी गोष्ट: ओळखणं वेगळं, मान्य करणं वेगळं

इथे बरेच जण घसरतात. दूरदर्शनवर १९८४ मध्ये ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. त्यात सतीश शहा भागागणिक नवीन माणूस बनून यायचे. प्रेक्षक त्यांना दर वेळी ओळखायचे, आणि तरी दर वेळी नवा माणूस म्हणून मान्य करायचे. मराठीत दिलीप प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’त एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये ते आजोबा झाले तेव्हा त्यांची स्वतःची पन्नाशी नुकती सरत आलेली होती. प्रभावळकर आहेत हे ठाऊक असूनही घराघरात ते ‘आबा’च होते.

म्हणजे ‘पटलं’ या एका शब्दात निदान दोन वेगळी मोजमापं लपलीत. एक, बघणाऱ्याने माणूस ओळखला का? दोन, ओळखूनही भूमिका स्वीकारली का? पहिल्याला बरोबर-चूक असं उत्तर असतं. दुसऱ्यासाठी मत विचारावं लागतं, म्हणजे प्रश्नावली किंवा मुलाखत. दोन्ही एकाच प्रश्नात कोंबले तर विदा हातात येईल, अर्थ येणार नाही.

आणखी एक सापळा सांगतो. कुणी म्हणेल, जुन्या मालिकांतली वेषांतरं आता बघवत नाहीत, तेव्हा लोक भोळे होते. थांबा. मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ लागायचं ते कृष्णधवल, ६२५ ओळींच्या चित्रात, लहान पडद्यावर. आज आपण जुनी मालिका बघतो तेव्हा पडदा बदललाय, नट आधीपासून माहीत आहेत, काळही बदललाय. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय दिलं ‘भोळेपणा’ला! कुठलाही परीक्षक एवढ्यावर पेपर परत पाठवेल.

मग प्रश्न लिहायचा कसा?

समजा विषय दिला: ‘दंडारीतील स्त्रीवेषाची विश्वासार्हता’. असाच ठेवला तर बुडालात. त्याला तीन प्रश्न विचारा: कुणाला? कशाच्या तुलनेत? मोजणार कसं?

मग तो असा होईल: ‘स्त्रीवेषातील कलावंताचा फोटो आणि त्याच्या नेहमीच्या वेषातील फोटो एकाच व्यक्तीचे आहेत का, हे ठरवताना त्याच्या गावातील आणि दूरच्या गावातील प्रेक्षकांच्या अचूकतेत किती फरक पडतो?’ आता बघा, ‘कुणाला’ आलं, दोन गट आले, मोजमाप आलं. तुलनेसाठी दोन्ही फोटो साध्या वेषातले अशाही जोड्या घ्या, म्हणजे वेषामुळे किती फरक पडला ते कळेल. आणि अर्ध्या जोड्या वेगवेगळ्या माणसांच्या ठेवायला विसरू नका. नाहीतर सगळ्यांना “हो, एकच” म्हणणारा माणूस शंभर टक्के बरोबर निघेल. कलावंतांची लेखी संमती आणि नीतिसमितीची परवानगी आधी, फोटो नंतर.

हे फक्त हसण्यावारी नाही

२०१४ मध्ये डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा घेतली. समोर माणूस उभा, पडद्यावर फोटो, दोघे एकच का ते सांगा. फोटो दुसऱ्याचा असताना १४ टक्के वेळा अधिकाऱ्यांनी तो मान्य केला. फोटो खरा असताना ६ टक्के वेळा नाकारला. आणि नोकरीची वर्षं वाढल्याने अचूकता वाढलेली दिसली नाही.

तुमच्या नेट-सेटच्या हॉलमध्ये हॉलतिकिटाचा फोटो आणि तुमचा चेहरा ताडून बघणारे पर्यवेक्षकही त्या मालकीणबाईंसारखेच आहेत: अनोळखी, घाईत, तुलनेला एकच फोटो. खोटा उमेदवार आत जाऊ शकतो. आणि फोटोनंतर केस कापलेली, आजारपणात वाळलेली खरी मुलगी दारावर अडू शकते. ‘पर्यवेक्षकांनी नीट बघावं’ एवढं सांगून हे सुटणार नाही, कारण अडचण बहुतेकदा निष्काळजीपणाची नसते. अनोळखी चेहरा ताडणं हेच मुळात अवघड आहे. गेटवरच्या व्यवस्थेला दुसरी एखादी खूण जोडायला हवी, हा निष्कर्ष ‘कुणाला’ हा प्रश्न विचारल्यावरच हाती येतो.

आता तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक समोर घ्या. त्यातला सगळ्यात भारदस्त शब्द पेन्सिलने अधोरेखित करा आणि खाली तीन ओळी लिहा: कुणाला, कशाच्या तुलनेत, कसं मोजणार. तिन्ही ओळी भरता आल्या तर गाईडकडे जा. एखादी रिकामी राहिली तर आधी त्याच ओळीवर आठवडाभर वाचन करा. शीर्षक बदलावं लागलं तरी हरकत नाही, सिनॉप्सिसच्या टप्प्यावर ते स्वस्तात होतं.