पंप, बाटली आणि जळगावचा मे महिना



मागच्या दोन लेखांत पेपर कुठे शोधायचे आणि अॅब्स्ट्रॅक्ट कसा वाचायचा ते आपण बघितलं. आज ‘मटेरिअल्स अँड मेथड्स’. हा भाग सोडून सरळ निष्कर्षावर उडी मारायची सवय बहुतेकांना असते. मलाही होती, पेट पास होऊन विद्यापीठात आले तरी होती. ती मोडली ती गाइडच्या ओरडण्याने नाही, तर बाळाच्या दुधाने. म्हणून आजचं उदाहरण माझ्या शाखेतलं नाही, घरातलं आहे. मुलांनीही वाचा, तुमच्या बहिणीला, वहिनीला, उद्या बायकोला उपयोगी पडेल.

परिस्थिती अशी. बाळंतपण माहेरी, धुळ्याला. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांपासून पीएचडी करणाऱ्या मुलींना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, २०२२ च्या नियमांतही ती तरतूद आहे. (हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. अर्ज करताना नियमाची प्रत जोडा.) पण रजा असली तरी माझे काही सॅम्पल थांबणारे नव्हते. म्हणून बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर ठरवलं की आठवड्यातून दोन दिवस धुळ्याहून जळगावला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पारोळा, एरंडोल करत एसटीने जाणं-येणं, आणि मधे बांभोरीच्या कॅम्पसवर प्रयोग. बाळ आईजवळ. म्हणजे पंप हवा, आणि बाटली हवी.

आधी पंपाचं सांगते, कारण पैसे तिथे जास्त जातात.

ऑनलाइन बघायला गेलं की प्रत्येक पंपाखाली एक आकडा ठळक लिहिलेला असतो: ३०० मिलिमीटर पारा, ३२० मिलिमीटर पारा. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हटल्यावर मला वाटलं, आकडा मोठा तर पंप चांगला. घेतला. पहिल्याच आठवड्यात जखम झाली. हा आकडा म्हणजे पंप बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती कमी दाब तयार करू शकतो ते. वातावरणाचा दाब ७६० धरला तर ३०० ही लहान गोष्ट नाही, साधारण ४० किलोपास्कल होतात. पण दूध काही पाण्याच्या मोटरीसारखं ओढून निघत नाही. बाळाच्या किंवा पंपाच्या स्पर्शाने ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध पुढे ढकललं जातं. आपल्याकडे ‘पान्हा फुटणं’ म्हणतात ते हेच. पान्हा फुटला नसेल तर कितीही जोर लावा, थेंब-थेंबच येणार. आणि दुखायला लागलं, घाई झाली, कुणी दार वाजवलं, की पान्हा आखडतो.

यावर ऑस्ट्रेलियात २००८ साली एक अभ्यास झाला आहे. त्यात प्रत्येक आईला विचारून तिला न दुखता सहन होईल असा कमाल दाब ठरवला, आणि त्या दाबाला दूध लवकर आणि जास्त निघतं असं दिसलं. आता इथे नीट बघा. ‘जास्त दाब म्हणजे जास्त दूध’ हा निष्कर्ष जाहिरातवाला काढेल. मेथड्स वाचणारा म्हणेल की कमाल दाब हा पंपाचा नाही, बाईचा मोजलेला आहे. प्रत्येकीचा वेगळा. म्हणून डब्यावरचा आकडा फारसा कामाचा नाही. दाब थोडा-थोडा कमी-जास्त करता येतो का, ते बघायचं. माझ्या पहिल्या पंपात तीनच पायऱ्या होत्या, आणि पहिलीच जोरात.

दुसरी चूक फनेलची. डब्यात आलेला फनेल सगळ्यांना बसत नाही. स्तनाग्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याहून थोडा मोठा फनेल घ्यायचा असतो. मी हे दुधाचा पंप विकत घेतल्यावर दीड महिन्याने मोजलं, तेही साध्या पट्टीने. एरवी लॅबमध्ये व्हर्निअर कॅलिपरशिवाय बोलत नाही आम्ही! फनेल बदलला आणि दुखणं निम्म्यावर आलं.

मग प्रश्न येतो की विजेवरचा महाग घ्यायचा की हाताने दाबायचा स्वस्त. इथे एकेका पेपरवर न जाता २०१६ चा कॉक्रन रिव्ह्यू वाचला. दूध काढण्याच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या ४१ चाचण्या त्यात एकत्र तपासल्या आहेत. सगळ्यांत चांगला असा एक पंप त्यांना सापडला नाही. बाळंतपणाला किती दिवस झाले, दूध कशासाठी काढायचं आहे, बाळ मुदतपूर्व आहे की पूर्ण दिवसांचं, यावर उत्तर बदलतं. आणि दूध काढण्याआधी शेक, मालिश, शांत संगीत, हाताने दूध काढणं, साधे पंप हे बिनखर्चाचे किंवा कमी खर्चाचे उपाय मोठ्या विजेच्या पंपांइतकेच, काही बाबतीत त्याहून चांगलेही ठरू शकतात. रिव्ह्यूच्या लेखकांनी सावधही केलंय, कारण चाचण्या लहान, आकडे फार विखुरलेले. शिवाय या विषयातलं बरंच संशोधन पंप बनवणाऱ्यांच्या पैशावर होतं. त्यामुळे पेपरच्या शेवटी ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ असतं ते आधी वाचत जा. पैसे घेतले म्हणजे निकाल खोटा असं नाही, पण कोणता प्रश्न विचारला गेला नाही ते तिथून कळतं. ‘हाताने काढलं तर?’ हा प्रश्न पंपवाला कशाला विचारेल?

माझा हिशोब शेवटी असा झाला. दिवसात दोनदा, वीस-वीस मिनिटं, विभागातल्या एका रिकाम्या खोलीत. वेळ कमी म्हणून विजेचा, पण बॅटरीवर चालणारा, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही. दूध मोटरच्या नळीत शिरणार नाही अशी बंद रचना असलेला. आणि ज्याचे सिलिकॉनचे व्हॉल्व्ह सुटे मिळतात असा, कारण ओढ कमी झाली की दहातल्या आठ वेळा मोटर नाही, तो दोन बोटांएवढा व्हॉल्व्ह सैल झालेला असतो. (हे दहातले आठ माझ्या अंदाजाचे, कुठे साइट करू नका.) मैत्रिणीचा वापरलेला घेऊ नका, एकीने वापरण्यासाठी बनवलेल्या पंपाचा आतला भाग नीट निर्जंतुक होत नाही. आठवड्यातून एखाद्याच वेळी बाहेर जाणार असाल तर हाताचा पंप किंवा नुसता हात पुरतो, खर्च कशाला?

आता मूळ मुद्दा.

पहिल्या दिवशी मी अकरा वाजता आणि तीन वाजता दूध काढलं, बाटल्या कापडी पिशवीत ठेवल्या आणि साडेचारची गाडी धरली. माझं वाचन पक्कं होतं: काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं. तीनचं दूध सातच्या आत घरी, मग हरकत काय? अकराचं टाकून द्यायचं मनाशी ठरवलंच होतं. धुळ्याला आईने तीनच्या बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि मोरीत ओतून टाकलं. मी भांडले. दोनशे मिलिलिटर दूध आहे ते, माझी दुपार आहे ती! आई एवढंच म्हणाली, “व माय, मे महिना शे.”

रात्री चिडून मी तो ‘चार तास’ कुठून आला ते शोधत बसले. अमेरिकेच्या सीडीसीच्या सूचनेत वाक्य पूर्ण वाचलं तर असं आहे: खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असताना, चार तासांपर्यंत. मी फक्त ‘चार तास’ लक्षात ठेवला होता. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ ला टेकतो, उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तर विचारूच नका. आमच्याकडे ‘खोलीचं तापमान’ २५ असतं ते डिसेंबरात.

आणखी मागे गेले तर १९९६ चा एक पेपर सापडला, ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकातला, नोकरी करणाऱ्या आयांच्या दुधाबद्दल. त्यांनी दूध १५, २५ आणि ३८ अंशांना ठेवून जिवाणूंची वाढ आणि दुधातल्या चरबीचं, प्रथिनांचं विघटन मोजलं. १५ अंशांना २४ तास ठीक, २५ ला चार तास ठीक, ३८ ला ठेवूच नका, असा त्यांचा निष्कर्ष. आईच्या दुधात जिवाणूंना रोखणारे घटक असतात म्हणून ते गाईच्या कच्च्या दुधापेक्षा जरा तग धरतं, पण ३८ ला वाढ झपाट्याने होते. ३८ का घेतलं असेल? शरीराच्या आसपासचं तापमान, आणि बहुधा उष्ण प्रदेशाचाही विचार. आमच्यासाठी मात्र ती वरची टोकाची पातळी नाही, एप्रिलमधली बरी दुपार आहे.

नुसतं गणित करून बघा. समजा २५ अंशांना जिवाणू तासाला दुप्पट होतात, तर चार तासांत १६ पट. तेच गरमीत अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर चार तासांत २५६ पट. हे आकडे समजण्यापुरते धरलेत, पण वेळ तीच असताना तापमान बदललं की काय होतं ते यातून दिसतं. दीड वर्ष मायक्रोबायोलॉजीचे प्रॅक्टिकल केले होते मी. ग्रोथ कर्व्ह झोपेत काढेन. आणि बाटली कापडी पिशवीत!

पुढच्या खेपेपासून उष्णतारोधक पिशवी आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेले आईस पॅक. सीडीसीच्या म्हणण्यानुसार अशा पिशवीत दूध २४ तासांपर्यंत चालतं. तरी यावेळी विश्वास ठेवायच्या आधी पिशवीत एक साधा डिजिटल थर्मामीटर टाकला. धुळ्याला उतरले तेव्हा बाहेर ४२, आत ९. पंधराच्या खाली. पॅक दोनऐवजी चार ठेवले होते आणि पिशवी गाडीत पायाशी नाही, मांडीवर घेतली होती, कारण खालचा पत्रा तापतो. घरी गेल्यावर लगेच फ्रीजमध्ये. ४ अंशांना चार दिवसांपर्यंत चालतं, पण माझं दुसऱ्या दिवशीच संपायचं.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. विभागातल्या लॅबच्या फ्रीजमध्ये दूध ठेवू नका. जागा आहे, थंड आहे, आपलाच फ्रीज आहे, तरी नाही. शेजारच्या शेल्फवर कोणाचं काय उघडं आहे ते आपल्याला कळत नाही. एन्झाइमच्या पार्सलबरोबर आलेले जेल पॅक वापरायचा मलाही मोह झाला होता, नवीन घेतले. दूध काढायच्या आधी एप्रन काढून हात साबणाने धुवायचे, आणि कामात कोणती रसायनं आहेत हे डॉक्टरांना सांगून ठेवायचं.

बाटलीबद्दल थोडक्यात, कारण तिथे घोळ कमी आहे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यामुळे कोणी बाटली ‘फ्री’ देत असेल तर ते बेकायदा आहे. पंप त्या कायद्यात नाही, म्हणून जाहिराती सगळ्या पंपाच्या. पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या बीपीएमुळे बाद झाल्या, आता काच, पॉलिप्रॉपिलीन, पीपीएसयू किंवा स्टील मिळतं.

पॉलिप्रॉपिलीनबद्दल २०२० मध्ये डब्लिनच्या संशोधकांचा ‘नेचर फूड’मधला पेपर गाजला: लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिकचे कण. बातमी वाचून माझ्या नणंदेने घरातल्या सगळ्या बाटल्या फेकल्या. मेथड्समध्ये मात्र काय आहे? पावडरचं दूध बनवायच्या पद्धतीनुसार ७० अंशांचं पाणी ओतून हलवलं होतं. २५ अंशांना तेच कण सुमारे ६ लाख, ९५ ला साडेपाच कोटी. आईचं दूध आपण कोमटच करतो, तेही वाटी कोमट पाण्यात ठेवून. म्हणजे तो मोठा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. बाटली उकळताना मात्र लागू होतो, म्हणून उकळल्यावर थंड झालेल्या उकळलेल्या पाण्याने विसळून घ्यायची. त्या कणांनी बाळाला काय होतं हे त्या पेपरने मोजलेलंच नाही.

मी प्रवासाला काचेची घेत नाही, एसटीत फुटते. दूध नेण्यापुरत्या दोन पीपीएसयूच्या बाटल्या आहेत, आणि पाजायला आई वाटी-चमचाच वापरते. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही, वाटी दोन मिनिटांत स्वच्छ होते. जागतिक आरोग्य संघटनाही बाटलीपेक्षा कपाने पाजायला सुचवते. माझ्या आजीकडे चांदीचं बोंडलं होतं, ते आता बाळाच्या पेटीत निघालं. त्याचा टोकाकडचा भाग आतून घासता येत नाही, म्हणून ते शोभेलाच ठेवलंय.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातला असा एक आकडा निवडा जो सगळे तोंडपाठ सांगतात, आणि तो ज्या मूळ पेपरमधून आला तिथपर्यंत मागे जा. तापमान, नमुना किती, कोणत्या देशात, कोणत्या ऋतूत, एवढं एका कागदावर उतरवा. १९९६ च्या त्या पेपरमध्ये आया वीसच्या आत होत्या, हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं. सापडलं ते कमेंटमध्ये लिहा, रविवारी बसून एकेक बघू. उद्या सकाळी सहाची गाडी आहे आणि आईस पॅक अजून फ्रीझरमध्ये ठेवायचे राहिलेत.