दारू, गर्भ आणि दहावीचा वर्ग

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात (भाग २, २०१८ ची आवृत्ती) तिसऱ्या पाठात अपरा येते आणि नवव्या पाठात दारू. अपरेतून गर्भाला अन्न मिळते हे मुले पाठ करतात, दारूने शरीराची हानी होते हेही पाठ करतात. आईने घेतलेली दारू त्याच अपरेतून गर्भाकडे जाते, हे दोन पाठ जोडून सांगणे मात्र शिक्षकांच्या हाती आहे.

भिवंडीत हा विषय काढला की प्रश्न येतो, "आमच्या मुली कुठे दारू पितात?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील १.३ टक्के स्त्रियांनीच दारू घेत असल्याचे सांगितले; पुरुषांत हे प्रमाण १८.८ टक्के होते. पण बाई घेत असली तरी सांगत नाही. शिवाय बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असे मानणारे शहरात कमी नाहीत. ताडीला तर अनेक जण दारूत धरतच नाहीत. थंडीत चमचाभर ब्रँडी काही घरांत वडीलधारी मंडळीच देतात. आसवे आणि अरिष्टे यांतही आंबवताना तयार झालेले अल्कोहोल असते. गरोदरपणी ती वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

अल्कोहोलचा रेणू लहान असल्याने अपरा त्याला अडवत नाही. थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील प्रमाण आईच्या रक्ताइतके होते. आईचे यकृत ते हळूहळू मोडते, पण गर्भाच्या यकृताला ती ताकद अजून आलेली नसते. काही भाग गर्भजलात उतरतो आणि गर्भ तेच पाणी पुन्हा गिळतो. म्हणजे आईची नशा उतरली तरी बाळाची सुटका झालेली नसते.

फ्रान्समधील नांत शहरात पॉल लमोआन या डॉक्टरांनी १९६८ साली आणि अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी १९७३ साली अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. वजन-उंची कमी, डोके लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट. पण चेहऱ्यावर खूण नसलेली मुलेच जास्त असतात. शिकवलेले लक्षात राहत नाही, एका जागी बसवत नाही, हिशेब जमत नाही. अशा मुलाला शाळेत मठ्ठ किंवा खोडकर म्हणून मोकळे होतात. झालेली इजा औषधाने भरून येत नाही. लवकर ओळखून वेगळ्या पद्धतीने शिकवले तर फायदा होतो. अर्थात अभ्यासात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलामागे हेच कारण असते असे मुळीच नाही.

हे शाळेतच का सांगायचे? मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन तपासणीला जाईपर्यंत ते दिवस बहुधा उलटून गेलेले असतात. मेंदूची वाढ पुढे नऊही महिने चालते, त्यामुळे कोणताही महिना सुरक्षित नाही आणि निर्धोक असे मापही ठरलेले नाही.

हा तास मुलामुलींना एकत्रच द्यावा. घरात बाटली आणणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि "एक घोट घे" असा आग्रहही तोच करतो. काही ठिकाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकात स्पिरिट ओतून तो गोठताना दाखवतात. प्रयोग डोळ्यांत भरतो, पण फसवा आहे. गर्भाचा मेंदू असा गोठत नाही. त्यापेक्षा फळ्यावर अपरेची आकृती काढून काय काय पलीकडे जाते ते मुलांनाच विचारावे. तंबाखू आणि मिश्रीचे उत्तर आपोआप येईल. वर्गात एखाद्याच्या घरी दारूचा त्रास असणारच, तेव्हा आईला दोष देणारी भाषा टाळावी.

बाटलीवर भिस्त ठेवू नये. २०१९ पासून आपल्याकडे बाटलीवर सक्तीने छापायच्या इशाऱ्यात आरोग्यास हानी आणि वाहन न चालवणे एवढेच आहे, गर्भवतीचा उल्लेख नाही. अमेरिकेत तो १९८९ पासून छापतात.

गरोदर असल्याचे कळण्यापूर्वी दारू घेतली गेली असेल तर घाबरून गर्भपाताचा विचार करू नये. त्या दिवसापासून थांबावे आणि डॉक्टरांना खरे सांगावे. रोज भरपूर पिणाऱ्या बाईने मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, कारण अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. हे तेथे विचारता येईल.