बग्गीतली लिंबं

ब्रेशियाहून परतलेल्या बग्गीत संत्री, लिंबं, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्या, टाचण्या आणि तंबाखू असं सामान होतं. इटलीतल्या कास्तिल्योने गावात ते मागवलं होतं हेन्री ड्युनांटनं. तो ना डॉक्टर, ना शिपाई. अल्जीरियातल्या धंद्याचं रखडलेलं काम फ्रेंच बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या कानावर घालायला जिनिव्हाहून आलेला ३१ वर्षांचा व्यापारी. २४ जून १८५९ रोजी जवळच, सोल्फेरिनोला, फ्रान्स-सार्डिनियाच्या फौजा ऑस्ट्रियाच्या फौजेशी भिडल्या. एका दिवसात सुमारे ४०,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यातले हजारो कास्तिल्योनेत आणून टाकले. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

गावात पाणी होतं, अन्नही होतं. ते जखमींच्या तोंडाशी नेणारे हात मात्र कमी पडत होते, आणि माणसं तहानेनं मरत होती. मग गावातल्या बाया पुढे झाल्या, पोरं बादल्या भरभरून पाणी आणू लागली. ऑस्ट्रियाचा शिपाई शत्रूचा म्हणून त्याला कुणी मागे ठेवलं नाही. रेडक्रॉसचा इतिहास जिनिव्हातल्या बैठकीपासून सांगायची रीत आहे. मला तो या बायांपासून सांगावासा वाटतो.

घरी परतल्यावरही ड्युनांटला ते चर्च विसरता आलं नाही. १८६२ मध्ये त्यानं पदरमोड करून त्या दिवसांवरच्या पुस्तकाच्या १,६०० प्रती छापल्या. त्यात त्याचं मागणं साधं होतं. लढाई सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा शांततेच्या काळातच स्वयंसेवक शिकवून तयार ठेवा. आणि जखमींना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कुणी हात लावणार नाही, असा करार देशादेशांत करा. वकील ग्युस्ताव्ह मॉयनिए, जनरल द्युफूर आणि आपिया, मोन्वार हे दोन डॉक्टर त्याच्यासोबत आले. फेब्रुवारी १८६३ मध्ये पाच जणांची समिती झाली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ देशांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. स्विस झेंड्याचे रंग उलटे केले की जे दिसतं, तीच खूण ठरली.

पुढे ऑटोमन तुर्कांनी १८७६ मध्ये क्रॉसच्या जागी चंद्रकोर घेतली. पहिल्या महायुद्धात तर जिनिव्हात बेपत्ता आणि कैदेतल्या सैनिकांची ७० लाख कार्डं तयार झाली. एकेका कार्डामागे वाट पाहणारं एक घर. भारतात रेडक्रॉस संस्था उभी राहिली ती १९२० च्या कायद्यानं, आणि आज १९० हून जास्त देशांत तिच्या बहिणी आहेत.

आपल्याकडे डॉक्टरांच्या गाडीवर, औषधाच्या दुकानावर लाल क्रॉस सर्रास रंगवलेला दिसतो. ही औषधोपचाराची खूण नव्हे. ‘इथं गोळी झाडू नका’ असं ती सांगते, म्हणूनच १९६० च्या भारतीय कायद्यानं परवानगीविना तिच्या वापराला मनाई केली आहे. गल्लोगल्ली दिसणाऱ्या खुणेवर रणांगणात कुणाचा विश्वास बसायचा?

ड्युनांटचा धंदा १८६७ मध्ये बुडाला, आणि ज्या समितीसाठी झटला तिच्यातूनही त्याला बाहेर पडावं लागलं. शेवटची वर्षं हायडेन गावच्या रुग्णालयातल्या एका खोलीत गेली. १८९५ मध्ये एका पत्रकारानं तिथं त्याची भेट घेऊन लिहिलं, तेव्हा जगाला त्याची आठवण झाली. १९०१ चं शांततेचं पहिलं नोबेल त्याला फ्रेडरिक पासी यांच्याबरोबर विभागून मिळालं. खोली त्यानं सोडली नाही. १९१० मध्ये तो गेला तेव्हा मृत्युपत्रात त्यानं पैसे ठेवले होते, हायडेनच्या रुग्णालयात गरिबासाठी एक खाट कायम फुकट मिळावी म्हणून.