चित्रपट-अभिनयातील काही पारिभाषिक संज्ञा : रंगमंचीय अभिनयाच्या संदर्भात

काष्टी-श्रीगोंदा परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी अभिनयाकडे बहुधा स्नेहसंमेलन, युवक महोत्सव व एकांकिका स्पर्धा या मार्गांनी येतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे, प्रेक्षकांकडे पाठ न करणे, पडदा वर गेला की भूमिका अखंड निभावणे हे संस्कार त्याच्यावर झालेले असतात. कॅमेऱ्यापुढे यांतील बरेचसे अडसर ठरतात. ‘याला अभिनय येत नाही’ असा शेरा मग सहज मारला जातो. पुष्कळदा त्याला केवळ सेटवरची भाषा अवगत नसते. प्रस्तुत लेखात या भाषेतील काही संज्ञांचा विचार केला आहे.

नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार मानले. चित्रपटात हे चारही असतात. मात्र त्यांचे प्रमाण कॅमेऱ्याच्या चौकटीवर ठरते. ‘लाँग शॉट’मध्ये संपूर्ण देह बोलतो, ‘मिड शॉट’मध्ये हात व खांदे, तर ‘क्लोज-अप’मध्ये पापणीची हालचालही मोठी दिसते. रंगमंचावर प्रेक्षक व नट यांतील अंतर प्रयोगभर कायम असते, सेटवर ते दर शॉटला बदलते. म्हणूनच ‘फ्रेम कुठपर्यंत आहे?’ असे नटाने छायालेखकाला विचारणे हा अधिकप्रसंग नव्हे.

याचे उत्तम उदाहरण जिल्ह्यातच सापडते. अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) सदाशिव अमरापूरकर रंगभूमीवरून चित्रपटात आले. गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ (१९८३) मधील रामा शेट्टी ही त्यांची भूमिका लांबीने लहान आहे. तिचा दरारा आरडाओरड्यातून निर्माण होत नाही. संथ बोलणे आणि स्थिर नजर यांतून होतो. रंगमंचावरची ऊर्जा येथे नाहीशी झालेली नाही, ती आत वळली आहे.

चित्रीकरणापूर्वी नटाने कोठे थांबायचे ती जागा जमिनीवर चिकटपट्टीने दाखवतात. तिला ‘मार्क’ म्हणतात. फोकस त्या अंतरावर लावलेला असल्याने वीतभर चूकही चेहरा धूसर करू शकते. मार्ककडे खाली न पाहता तेथे पोहोचणे सरावाने साधते. ‘लूक’ म्हणजे नजरेची दिशा. समोरचे पात्र प्रत्यक्ष उभे नसतानाही कॅमेऱ्याच्या ठरलेल्या बाजूला पाहावे लागते; दिशा चुकली, तर संकलनानंतर दोन पात्रे एकमेकांशी बोलत आहेत असे वाटत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याबाहेरून सहकलाकार संवाद देतो, त्यास ‘क्यू देणे’ म्हणतात. हे काम उरकून टाकणारा नट दुसऱ्याचा शॉट बिघडवतो.

सर्वांत अवघड संज्ञा ‘कंटिन्युइटी’, म्हणजे सातत्य. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाची कथा याच जिल्ह्यातील अकोळनेर गावात घडते. त्यात जब्याचे कुटुंब डुकरे पकडण्यासाठी धावते आणि राष्ट्रगीत कानी पडताच जागच्या जागी उभे राहते. असे प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतात. धावण्याचा शॉट आणि त्यानंतरच्या स्तब्धतेचा शॉट यांत काही तासांचे अंतर पडले, तरी धाप, घाम आणि चेहऱ्यावरील अपमानाची छटा जुळावी लागते. धूळ व कपडे यांची नोंद सहायक दिग्दर्शक ठेवतो. भावनेची नोंद नटालाच ठेवावी लागते. जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे व्यावसायिक नट नव्हता, तरी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. संज्ञा आधी पाठ असाव्याच लागतात असे नाही, हेही त्यावरून दिसते. मात्र तेव्हा त्यांचा भार दिग्दर्शकाला वाहावा लागतो. याच चित्रपटाच्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. ‘भिंगात पाहू नये’ हा सामान्य संकेत अन्यत्र पाळलेला असतो, म्हणूनच त्याचे हे उल्लंघन प्रेक्षकाला झोंबते.

राहिला वाचिक अभिनय. ‘डबिंग’मध्ये नट चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रण-कक्षात ओठांच्या हालचालींशी जुळवून संवाद पुन्हा म्हणतो. ‘सिंक साउंड’मध्ये चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज अंतिम असतो, ‘लगान’ (२००१) नंतर हिंदीत या पद्धतीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. ग्रामीण नटाला दुसरी पद्धत अधिक मानवते. बोलीचा हेल जागेवर, सोबत्यांच्या संगतीत सहज उमटतो. बंद खोलीत हेडफोन लावून तोच हेल आणताना तो पुष्कळदा नकलेसारखा ऐकू येतो.